चतुर्थीची ओहोटी

माझ्याविषयीची सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळा. कयाक आणि वल्हवण्याच्या छंदाला वाहिलेल्या एका त्रैमासिकाचा मी सहा वर्षं सहसंपादक होतो, आणि त्या सहा वर्षांत एकदाही होडीत बसलो नव्हतो. पोहता येत नाही. पाणी गुडघ्याला लागलं की मी कुलदैवताचा धावा करतो, कमरेला लागलं तर शेजाऱ्यांच्या कुलदैवताचाही. असं असून ‘उलटलेल्या कयाकमधून बाहेर कसे यावे’ हा लेख मी चार वेळा, चार निरनिराळ्या मथळ्यांनी लिहिला. दुसऱ्यांदा लिहिला तेव्हा एका वाचकाने हात हातात घेऊन सांगितलं, “साहेब, तुमचा अनुभव बोलतो.” मी नम्रपणे मान खाली घातली. दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतंच.

हे मासिक सुरू केलं आमच्या शेठनी. शेठ साड्यांचे व्यापारी, मी बँकेत, त्यांचं खातं माझ्या शाखेत. एका सहलीत ते कुठल्याशा खाडीत कयाकमध्ये बसले आणि वेडे होऊन सुरतेला परतले. आठ होड्या घेतल्या, तापीच्या काठी पत्र्याची शेड टाकली, मंडळ काढलं. मग मंडळाला अंक पाहिजे. छापखाना घरचाच म्हणायचा, साड्यांचे कॅटलॉग छापणारा. फोटो काढणाराही तोच, साड्यांवाला. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर वल्हं घेतलेली बाई एक हात कमरेवर ठेवून, मान वळवून अशी काही बघत होती की पदराचा काठ दिसावा. पदर नव्हता, लाइफ जॅकेट होतं. पण सवय.

अंक गुजराती, शेवटची आठ पानं मराठी. मंडळात आमच्यासारखी मराठी घरं बरीच होती, शिक्षक, बँकवाले, उधन्याकडचे दोघे-तिघे. ती आठ पानं माझी जहागीर. माझी बायको मात्र खरी वल्हवणारी. महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. पंचेचाळिशीत खांदा धरला म्हणून डॉक्टरांनी हात हलवायला सांगितले आणि तिने थेट तापी हलवायला घेतली. मी लिहायचो, ती करायची. वाचकांना वाटायचं दोन्ही मीच करतो. ती हसायची आणि सोडून द्यायची.

माझी दुर्बुद्धी हिवाळी अंकात उगवली. विषय होता भरती-ओहोटी. आमच्या शेडपासून खाली मगदल्ल्यापर्यंत आणि पुढे समुद्रापर्यंत तापी भरती-ओहोटीच्या हुकमात असते. ओहोटीबरोबर खाली जायचं आणि भरतीबरोबर वर यायचं, तर हात दुखत नाहीत. उलट केलंत तर नदी तुम्हाला नेते. शेठ म्हणाले, “मोबाइलमां बधुं आवे छे, पण कंईक देशी लखो ने, साहेब.”

देशी म्हटल्यावर मला वडील, आमचे नाना, आठवले. वडील कोकणात खाडीकाठच्या गावी मास्तर होते. शाळा खाडीच्या पलीकडे. रोज तरीच्या होडीतून जायचं, आणि ओहोटीला ती चिखलात रुतायची. म्हणून त्यांचा आडाखा होता: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर सहा. चौथ असेल तर तीन. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी पुरती, मग पाणी उलटतं. ना घड्याळ, ना पुस्तक, नुसती भिंतीवरची दिनदर्शिका. मी तो आडाखा असा काही रंगवून लिहिला की माझेच डोळे पाणावले. वडिलांची छत्री घातली, तरीवाल्याची शीळ घातली. शेठनी तो लेख गुजरातीत करून पुढच्या पानांतही छापला, चौकटीत, सोनेरी किनार लावून.

बायकोने वाचला आणि म्हणाली, “मामंजींचा आवाज आला.” मला याहून मोठं बक्षीस नको होतं.

अंक वाटला गेला त्याच्या दुसऱ्या रविवारी संकष्टी होती. म्हणजे चौथ. तिने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून हिशेब केला. पहाटे तीनला भरती, नऊला ओहोटी संपणार. सातला शेडवरून निघायचं, नऊला मगदल्ल्याखाली पोचायचं, पाणी वळलं की साडेअकरापर्यंत परत. बरोबर शाळेतली मैत्रीण, उधन्याची, मूळची खानदेशातली, पोटापासून हसणारी. दोघींची दोन माणसांची केशरी कयाक.

“मोबाइलवर एकदा बघायचं का?” मैत्रिणीने फोनवर विचारलेलं मला ऐकू आलं.

“आमच्या सासऱ्यांनी तीस वर्षं याच्यावर खाडी ओलांडली,” बायको म्हणाली. “मोबाइलने किती ओलांडल्या?”

मी चहा पीत होतो. मला हे वाक्य इतकं आवडलं की पुढच्या अंकासाठी टिपून ठेवलं.

ठरल्याप्रमाणे मी साडेनऊला स्कूटरवरून मगदल्ल्याच्या धक्क्यावर पोचलो. परतताना त्यांचा फोटो घ्यायचा होता, मुखपृष्ठासाठी, कमरेवर हात न ठेवता. उपासाची साबुदाण्याची खिचडीही आणली होती. धक्क्यावर एक म्हातारा खलासी जाळं शिवत बसला होता. माणूस दिसला की माझी कळ दाबली जाते. मी त्याला अंक दाखवला, फोटो दाखवले, मग सोनेरी चौकट दाखवली. आडाखा समजावून सांगितला, आणि शेवटी ऐटीत म्हणालो, “म्हणजे आज चौथ, नऊला ओहोटी पुरी. आता पाणी वर यायला लागलं असेल.”

 त्याने सुतळी दातात धरली, जाळ्यात अडकलेली वाळकी काडी काढली आणि पाण्यात टाकली.

काडी समुद्राकडे निघाली. रमतगमत नाही. सुटलीच.

“आ क्यांनुं पाणी छे, साहेब?” त्याने विचारलं.

“आमच्या गावचं. रत्नागिरीकडचं.”

“त्यां हशे,” तो म्हणाला. “अहीं तो साडात्रण-चार कलाक मोडुं. अखातनुं पाणी छे. आजे एक वागा सुधी उतार.”

खंबायतच्या आखातात पाणी आमच्या गावापेक्षा साडेतीन-चार तास उशिरा चढतं आणि उशिरा उतरतं. सुरतेत जन्मलेल्या कोळ्याच्या पोरालाही ते ठाऊक असतं. अठ्ठावीस वर्षं सुरतेत राहिलेल्या, नदीवरच्या मासिकाच्या सहसंपादकाला ते रविवारी पावणेदहाला कळलं. एक वाजेपर्यंत नदी समुद्राकडेच ओढणार होती, चतुर्थीच्या मोठ्या ओढीने. आणि त्या दोघी निवांत वल्ही मांडीवर ठेवून, आता पाणी आपल्याला घरी नेईल म्हणून बसल्या असणार.

मी फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. पाण्यापासून वाचवायला ती फोन पिशवीत, पिशवी पायाखाली ठेवते. हेही मीच लिहिलं होतं, ‘फोन सुरक्षित ठेवण्याच्या सहा पद्धती’.

“काका, तुमची होडी,” मी म्हणालो. एवढंच निघालं.

“तमे आवशो?”

त्याने विचारलं ते सहज. दोर धरायला, नजर ठेवायला दुसरा माणूस लागतो. धक्क्यावर दुसरं कोणी नव्हतं. मी त्या होडीकडे बघितलं. लाकडी, मशीनवाली, माशांच्या वासाने भिजलेली, आणि धक्का व तिच्यामध्ये वीतभर काळं पाणी. ती वीत मी कशी ओलांडली ते मला आजही सांगता येत नाही. खिचडीचा डबा पोटाशी धरून मी होडीच्या तळाशी बसलो आणि मशीन सुरू झालं तेव्हा मोठ्याने ओरडलो. काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. भला माणूस.

पुलाखालून गेल्यावर नदी रुंद होते, मग आणखी रुंद, मग तिला नदी म्हणायची लाज वाटते. दूर मोठ्या जहाजांच्या काळ्या भिंती. डावीकडे पाणी उतरत होतं आणि त्याच्याखालून चिखल वर येत होता, ओला, चकचकीत, मोठ्या जनावराच्या पाठीसारखा. मला प्रत्येक तरंगती वस्तू त्यांची कयाक वाटत होती. केशरी प्लास्टिकचा डबा: मी उभा राहिलो. जलपर्णीचा पुंजका: मी उभा राहिलो. “बेसो, साहेब,” काका प्रत्येक वेळी म्हणाले. “तमे पडशो तो हुं कोने शोधुं?”

अर्ध्या-पाऊण तासाने त्यांनीच बोट दाखवलं. चिखलाच्या पाठीवर केशरी रेघ, कलती. तिच्यात एक माणूस बसलेला.

एक.

माझ्या घशातून जो आवाज आला तो मी त्याआधी काढलेला नव्हता. मग दिसलं. कयाकच्या पलीकडे, चार हातांवर, चिखलात अर्धी बाई. मांड्यांपर्यंत आत गेलेली, पुढे वाकलेली, दोन्ही हात चिखलावर पसरलेले. ती माझी बायको होती. पाणी वळलं नाही हे तिला साडेनऊलाच कळलं होतं. वल्हवून उपयोग नाही असं पाहून तिने शहाणपणाने कयाक काठाला घातली. तोवर पाणी खालून निघून गेलं, कयाक टेकली, आणि ती उतरून ढकलायला गेली. वरून चिखल लाकडासारखा टणक दिसतो. तसा तो नसतो.

आमची होडी तिच्यापासून शंभर हातांवर थांबली. पुढे पाणीच नव्हतं.

“कोण आहे?” मैत्रीण ओरडली. मग मला ओळखून, “माय वं! तुना नवरा होडीत शे!” ती मरणाच्या भीतीतही हे सांगायला विसरली नाही.

बायकोने मान वळवली. “अहो, उतरू नका!” ती ओरडली. “काही झालं तरी उतरू नका!”

“तू हलू नकोस!”

“हलता येतंय का मला!”

काकांनी सूर्याकडे बघितलं आणि हळू आवाजात, फक्त मला, सांगितलं. पाणी एकच्या सुमाराला वळेल. वळलं की इथे घोड्यासारखं येतं. अर्ध्या तासात या जागी डोक्यावर पाणी. त्याच्या आत बाईंना काढायचं. घड्याळात अकरा वाजायला आले होते.

त्यांनी होडीतल्या दोन फळ्या उपसल्या, कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. “आ छोडता नहीं. हुं कहुं तो खेंचजो.” नांगर टाकला आणि सत्तरीकडे झुकलेला तो माणूस पोटावर आडवा होऊन, एक फळी पुढे सरकवत, तिच्यावर सरपटत, मागची पुढे आणत चिखलावरून निघाला. पालीसारखा. मी होडीत एकटा उरलो. पाण्यावर, होडीत, एकटा. ही माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी भीती, लहानपणापासून स्वप्नात येणारी, आणि त्या दिवशी तिच्याकडे लक्ष द्यायला मला सवड नव्हती.

शंभर हात जायला त्यांना तासाहून जास्त लागलं. दोनदा फळी रुतली. दर थोड्या वेळाने मी बायकोला हाक मारायचो, काहीही विचारायचो. ओ आली की पुढचा श्वास घ्यायचो.

“थंडी वाजतेय का?”

“पायांना काही कळत नाहीये!”

“पायांची बोटं हलव!”

“हे कुठल्या अंकात लिहिलंय?” ती ओरडली.

मैत्रीण कयाकमधून वल्ह्याचं टोक तिच्या हातात देऊन बसली होती, दोन तास तशीच, खांदे आखडून. मध्येच रडायची, मध्येच शिव्या द्यायची. शिव्या बहुतेक मला. मला त्या ऐकून बरं वाटत होतं.

काका पोचले. त्यांनी तिला मागे झुकायला लावलं, फळी पाठीखाली सरकवली, आणि हाताने तिच्या मांडीभोवतीचा चिखल काढायला लागले. काढावा तितका परत भरत होता. कयाकमधली पाण्याची बाटली मागितली, ते पाणी पायाच्या कडेने ओतलं, म्हणजे चिखलाची पकड सुटावी. एक पाय हलला. पाऊण तासाने तो निघाला, बुटाशिवाय. दुसरा तसाच.

तेवढ्यात माझ्या पायाखाली काहीतरी झालं. होडी फिरली. इतका वेळ समुद्राकडे पाठ करून ताणलेली होडी आळस दिल्यासारखी वळली आणि नांगराच्या दोराने कुरकुर केली. मी समुद्राकडे बघितलं. पाण्याला एक घडी पडली होती. हातभरही उंच नसेल, तपकिरी, कडेला फेस, या काठापासून त्या काठापर्यंत. आवाज येत होता, तव्यावर पाणी पडल्यासारखा.

“काका! पाणी!”

त्यांनी वर बघितलं नाही. हात दुप्पट वेगाने चालू लागले. बायको मात्र बघत होती. तिचा चेहरा शंभर हातांवरून मला दिसत नव्हता आणि तरी मला दिसला. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

घडी होडीखालून गेली, होडी उचलली गेली, आपटली. पाणी चिखलावर पातळ पसरलं, मग परत गेलं, मग जास्त पसरलं. कयाक हलली. फळीखाली पाणी शिरलं. “खेंचो!” काका ओरडले.

मी ओढलं. हात भाजले, गुडघे होडीच्या काठावर आदळले. काकांनी एका हाताने तिची कंबर आवळली होती आणि दुसऱ्याने कयाकचा दोर. क्षणभर काहीच झालं नाही. मी ओढत होतो आणि माझ्या हातात सगळा चिखल, सगळं आखात होतं. मग दोर एकदम ढिला पडला आणि मी होडीत उताणा पडलो. मला वाटलं, तुटला. उठून बघतो तर पाण्यावर फळी, फळीवर दोघं, मागे कयाक, आणि कयाकमध्ये उभी राहून खानदेशातल्या सगळ्या देवांना एकदम हाका मारणारी मैत्रीण. “बसा, बाई! उलटाल!” मी ओरडलो. माझ्या सहा वर्षांच्या संपादकीय कारकिर्दीतला हा एकमेव प्रत्यक्ष उपयोगी पडलेला सल्ला.

आम्ही धक्क्यावर आलो. काकांनी काही घ्यायला नकार दिला. खिचडी मात्र उभ्यानेच संपवली. बायको धक्क्याच्या दगडावर बसून पायांवर पाणी ओतत होती.

“नानांचा आडाखा चुकला,” मी म्हणालो. कोणाला तरी म्हणायला हवं होतं.

“मामंजी चुकले नाहीत,” ती म्हणाली. घसा पार बसला होता. “ते त्यांच्या गावी होते. गाव तुम्ही बदललंत.” आणि मग, पाय धुता धुता थांबून, “अंक किती जणांकडे गेलाय?”

तेव्हा मला दुसऱ्यांदा भीती वाटली, आणि ही पहिलीपेक्षा थंड होती.

घरी येऊन तिने आंघोळ केली आणि मंडळाची यादी माझ्यासमोर ठेवली. चंद्रोदयाला बराच वेळ होता, तिचा उपास सुटायचा होता. आवाज तिचा गेला होता, बोलायचं मला होतं. एकेकाला फोन. ‘हिवाळी अंकातला माझा लेख चूक आहे, त्यावर विसंबून पाण्यात उतरू नका.’ हे वाक्य मी त्या संध्याकाळी गुजरातीत आणि मराठीत इतक्या वेळा म्हटलं की शेवटी जीभ आपोआप वळायला लागली.

लेखक मंडळींना सांगतो, असा प्रसंग तुमच्यावर येऊ नये. मी जन्मात पहिल्यांदा प्रार्थना करत होतो की मला कोणी वाचलेलं नसावं. आणि ती फळत होती! “कयो लेख?” “भाऊ, अमे तो फोटा ज जोईए.” “अहो, अंक अजून उघडलाच नाही.” शेठ स्वतः म्हणाले, “साहेब, साचुं कहुं? सोनेरी बॉर्डर सारी लागी एटले छाप्युं.” किनार छान दिसली, एवढंच. प्रत्येक उत्तराने छातीवरचा दगड उतरत होता आणि त्याच जागी एक सुई टोचत होती. बायको समोर बसून यादीवर खुणा करत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ती हसली नाही.

शेवटून तिसरं नाव एका निवृत्त गृहस्थांचं. ते रोज एकटे वल्हवतात, कानाला कमी ऐकू येतं.

“वाचला!” ते आनंदाने ओरडले. “चार वेळा वाचला! उद्यापासून मोबाइल घरीच ठेवणार. उद्या पंचमी, म्हणजे पावणेचार, ओहोटी पावणेदहाला. आठला निघतो, थेट समुद्राकाठी, डुमसपर्यंत!”

“काका, ते चूक आहे. मी चुकलो.”

“काय?”

“चूक आहे! जाऊ नका!”

“हो, हो, चूक होतच नाही, म्हणूनच तर! तुमचे वडील फार मोठे माणूस!” आणि फोन बंद. मी पुन्हा लावला, पाच वेळा. त्यांनी उचलला नाही. पत्ता यादीत नव्हता, शेठनाही माहीत नव्हता.

सकाळी साडेसहाला आम्ही दोघं शेडच्या दारात बसलो होतो. मी बँकेत रजा टाकली. ती शाळेत गेली नाही. तिच्या पायांना जोडे चढत नव्हते, म्हणून ती माझ्या चपला घालून आली होती. धुकं होतं, नदी दिसत नव्हती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. ती दाराला पाठ लावून, आत टांगलेल्या होड्यांच्या आणि बाहेरच्या जगाच्या बरोबर मध्ये बसली होती.

साडेसातला ते आले. टोपी, मफलर, आणि काखेत गुंडाळी केलेला अंक, सोनेरी चौकट बाहेरच्या बाजूला. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“अरे! लेखक स्वतः! तुम्हीही येणार का?”

मी उठलो.  त्या माणसाच्या काखेतल्या कागदाकडे बघताना मला कालच्या पाण्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. बायकोने मला बाजूला केलं, त्यांच्या अगदी कानाशी गेली आणि बसलेल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत, कालची सगळी हकीकत सांगायला लागली. ते मान हलवत ऐकत होते. मग हलवायचे थांबले. मग त्यांनी तिच्या पायांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काखेतला अंक काढून सावकाश माझ्या हातात दिला.